खाडीत गळाला मासा लागत नाही? आमिष बदलण्याआधी या चुका टाळा

नवी मुंबईत ऐरोलीपासून नेरुळपर्यंत रविवारी सकाळी खाडीकाठी गळ टाकून बसणाऱ्यांचं गाऱ्हाणं एकच: पूर्वी मासा लागायचा, आता लागत नाही. मग कोळंबीऐवजी गांडूळ लावून बघतात, नवं रील घेतात. दोष बरेचदा आपली पाठ असते तिकडे असतो, तिवरांत म्हणजे कांदळवनात आणि खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत.

पुढचं पाणी बघणं, मागचं विसरणं

जिताडा या माशाचंच घ्या. तो अंडी घालतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं मात्र भरतीबरोबर आत शिरतात आणि तिवरांच्या मुळांत, उथळ खाजणात वाढतात. मोठा मासा तिथवर पोचत नाही आणि कुजलेल्या पानांवर वाढणारे बारीक जीव खायला मिळतात. बोई, कोळंबी, चिंबोरी यांचंही पाळणाघर हेच. हा चिखल बुजवला तर पुढच्या पाण्यात मासा येणार कुठून?

साचलेलं पाणी म्हणजे जिवंत पाणथळ, असं समजणं

नवी मुंबईतली खरी अडचण ही आहे. तळं दिसतं, त्यात पाणीही असतं, पण भरतीची वाट बंद असते. रस्ता करताना मोरी बुजते, पाइपात गाळ आणि प्लॅस्टिक अडकतं. सीवूड्सचा डीपीएस तलाव याच कारणाने गाजला. बातम्या झाल्या फ्लेमिंगोंच्या, माशांचं कुणी विचारलं नाही.

तपासणी सोपी आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं. त्या दिवशी तळ्यात काठी रोवून पातळीची खूण करा आणि खाडीतली भरती पूर्ण होईपर्यंत थांबा. खूण बुडली नाही तर वाट बंद आहे, मोरीचं तोंड शोधा. पाणी हिरवंगार झालंय आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतायत, तर प्राणवायू संपत आलाय. शेवाळ रात्रभर तो वापरतं, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. अशा तळ्यात बाहेरून मत्स्यबीज (माशांची पिल्लं) आणून सोडणं हा पैशांचा चुराडा.

मोकळा चिखल दिसला की तिवरं लावणं

हौसेने केली जाणारी चूक. ओहोटीला उघडा पडणारा चिखल ओसाड नसतो. निवट्या मासे तिथेच बिळं करतात, भरती आली की बोई तिथेच चरायला येते. तिवरं लावायचीच तर जिथे ती तोडली गेली तिथे, तेही वनखात्याला विचारून.

घरचे मासे तलावात सोडणं

काचेच्या टाकीतले मासे ठाण्याच्या मासुंदा किंवा उपवन तलावात नेऊन सोडू नका. थाई मांगूर हा परदेशी मासा तर कुठेच नको. तो दिसेल ते खातो आणि देशात 2000 सालापासून त्याच्या पालनावर बंदी आहे.

मोठा तेवढा घरी, लहानही घरी

जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे फोटोसाठी आपण उचलतो ते धूड बहुधा अंड्यांची मादी असते. पावसाच्या तोंडाला तर ती परत पाण्यात सोडाच. सोडताना हात ओले करा. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, दोरा कापा. कापलेला दोरा मात्र खिशात घाला. तिवरांत अडकलेल्या नायलॉनमध्ये पक्षी आणि चिंबोऱ्या दोन्ही मरतात.

हद्द न विचारता बसणं

ठाणे खाडीचा बराच भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीतही. कुठे बसता येईल ते ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात विचारा, किंवा जवळच्या गावातल्या कोळी-आगरी मंडळींना. भराव किंवा बुजलेली मोरी दिसली तर तारीख, जागा आणि भरतीच्या वेळचा फोटो जोडून लेखी तक्रार करा. पाणथळ आणि कांदळवनांच्या तक्रारींसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समित्या आहेत, कार्यालय बेलापूरला. फोटो दोन काढा, भरतीचा आणि ओहोटीचा. दोन्हींत तळ्याची पातळी एकच दिसली तर वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.