गळका स्लॅब आणि अडवलेला हप्ता

लातूरला स्वतःच्या प्लॉटवर घर बांधलं, काम मालासकट गुत्तेदाराकडे. पहिल्याच पावसात जिन्याजवळ स्लॅब ठिबकायला लागला. गुत्तेदार म्हणे, "टाकीच्या पायपाचं पाणी हाय ते. माझा शेवटचा हप्ता द्या."

जो तो रेराकडे (घरखरेदीच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे) जा म्हणायचा. पण रेरा फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्या बिल्डरसाठी. आपल्या जागेवर बांधून देणाऱ्या गुत्तेदारासाठी ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवाच आहे. दिलेले पैसे 50 लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग, तक्रार 2 वर्षांच्या आत.

तिथवर जायची वेळ आली नाही. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, गच्चीच्या पाइपांची तोंडं बोळे कोंबून बुजवली आणि टँकर मागवून पाणी भरलं. (लातुरात गच्चीवर पाणी कोंडायचं म्हणजे गल्लीची बोलणी आलीच.) बाहेरचा इंजिनिअर आणि गुत्तेदार, दोघांनाही बोलावलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी ओल उमटली. खडूनं कडा आखून फोटो काढले. इंजिनिअरनं लेखी दिलं: कोब्याला (स्लॅबवरच्या पाणी अडवणाऱ्या थराला) चिरा, उतार उलटा.

अहवाल जोडून टपालानं नोटीस पाठवली. 'दोषरहित काम झाल्यावरच शेवटचा हप्ता' असं करारात होतं, म्हणून पैसे अडवता आले. गुत्तेदार नरमला. तरी तोंडी काही ठेवलं नाही: कोबा उखडून नवा, परत पाणी भरून तपासणी, मग अर्धे पैसे, उरलेले पावसाळा संपल्यावर. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. दसऱ्याला त्याचा हिशोब चुकता केला.