पानाला मुळं फुटवायची असतील तर आधी काप नीट घ्या

आफ्रिकन व्हायोलेट, बिगोनिया, स्नेक प्लांट, जेड यांचं नुसतं पान लावलं तरी रोप होतं हे बऱ्याच जणांना माहितीये, पण तरी पानं कुजतात, कारण तोडलेल्या पानाच्या आत काय चालू असतं तिकडे कुणी बघतच नाही. अरॅबिडॉप्सिस नावाच्या छोट्या झाडावर हे छान अभ्यासलंय. पान कापलं की जखमेमुळे पहिल्या दोन तासांतच जास्मोनिक अ‍ॅसिड (जखमेची खबर देणारं झाडाचं हार्मोन) वाढतं, त्यातून ऑक्सिन (मुळं फुटवणारं हार्मोन) बनायला जोर येतो, आणि ते ऑक्सिन शिरांमधून खाली वाहत येऊन कापलेल्या टोकाशी साठतं. तिथे शिरांच्या लगतच्या काही पेशी आपलं जुनं काम सोडून मूळ बनवायला घेतात. मग साधारण 8 दिवसांत मूळ बाहेर येतं, तेही वरून कुठलं हार्मोन न देता!

म्हणजे सगळा खेळ त्या कापावर आहे. ब्लेड धारदार आणि स्पिरिटने पुसलेलं घ्या, बोथट कात्रीने देठ चेचला जातो आणि तिथूनच कुज लागते. पान निरोगी आणि पूर्ण वाढलेलं हवं पण म्हातारं नको, जुन्या पानांची मुळं धरायची ताकद कमी होते. व्हायोलेटचा देठ 3-4 सेंटीमीटर ठेवून तिरका कापा आणि ओलसर, भुसभुशीत मिश्रणात (कोकोपीट आणि परलाईट, म्हणजे ते हलके पांढरे दाणे, अर्धं अर्धं चालतं) जेमतेम उभा राहील इतकाच खोचा. जेडसारखं जाड पान मात्र देठापासून अख्खं निघालं पाहिजे, आणि लगेच लावायचं नाही, 3-4 दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यायची.

स्नेक प्लांटचे तुकडे करताना खालची बाजू कुठली त्यावर खूण करा, प्लीज. ऑक्सिन मूळच्या खालच्या टोकाकडेच जातं, त्यामुळे तुकडा उलटा खोचला की तो नुसता बसून राहतो आणि आपण पाणी घालत राहतो. पिवळ्या कडेच्या जातीचं पान लावलं तर नवीन रोप बहुतेक वेळा साधं हिरवंच येतं, पिवळी कड हवी असेल तर कंद फोडूनच लावा.

उजेड भरपूर द्या पण थेट ऊन नको. पान हिरवं असेपर्यंत स्वतःचं अन्न स्वतः बनवतं आणि मुळांचा खर्च त्यातूनच निघतो, म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नका. हवा दमट हवी, वरून पारदर्शक डबा उपडा घातला तरी पुरे, फक्त रोज थोडा वेळ उघडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूळ फुटलं म्हणजे रोप झालं असं नाही!! मनी प्लांटचं नुसतं पान पाण्यात ठेवलं तर मुळं मस्त येतात, पण कोंब येत नाही, कारण कोंब पेऱ्यावरच्या (पान फांदीला जुळतं तिथल्या सांध्यावरच्या) डोळ्यातून येतो आणि तो पानासोबत आलेलाच नसतो. रबर प्लांटचंही तसंच, त्यामुळे अशा झाडांचं निदान एक पेरं तरी सोबत घ्याच. व्हायोलेट, बिगोनिया पानातूनच नवा कोंब घडवू शकतात. व्हायोलेटला मुळं 3-4 आठवड्यांत येतात, पिल्लं दिसायला दोन-तीन महिने लागतात. झेडझेड प्लांट तर आधी मातीखाली गड्डा बनवतं, वर काहीच हालचाल नसते, कधी कधी वर्षभर सुद्धा, आणि लोक मेलं समजून फेकून देतात. पान कडक आणि हिरवं असेल तर उपटून बघू नका, कोवळी मुळं त्यातच तुटतात.