हातातली शिलाई मशीन घ्यावी का, आणि घेतलीच तर कशी वापरावी

डोंबिवलीत घरीच फॉल-पिको आणि अल्टरची कामं घेते, त्यामुळे हा प्रश्न मला जिन्यातही विचारतात. "काकू, ती स्टेपलरएवढी मशीन मोबाइलवर तीनशे-चारशेत दिसते, मागवू का?" पडदे, उशीचे अभ्रे, परकराची खालची दुमड एवढ्यासाठी हवी असेल तर मागवा, असं मी सांगते. काख, मुंढा, सलवारीचं आसन, खिशाचं तोंड, म्हणजे जिथे ताण येतो तिथे मात्र ती लावूच नका.

कारण तिच्या टाक्यात आहे. नेहमीच्या मशीनला वर रीळ आणि खाली बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी असते. दोन्ही दोरे कापडाच्या मध्ये एकमेकांत अडकतात, म्हणून एखादा टाका तुटला तरी शेजारचे तग धरतात. या छोटीला बॉबिनच नसतं. सुई खाली गेली की आतला हुक दोऱ्याचा फास पकडतो आणि पुढचा फास त्यातून निघतो, अशी खाली साखळी तयार होते. तांदळाच्या गोणीचं बरोबर टोक हाती लागलं की अख्खी शिवण सर्रकन निघते ना, तीच ही साखळी. गोणीला तशीच शिवण हवी असते. ऑफिसला जायच्या पँटला नको!

पार्सल आलं की आधी खोक्यावरची चित्रं सोडा आणि मशीनचा फोटो काढा. ती बहुतेक दोरा ओवलेलीच येते, आणि दोरा कुठल्या चकतीतून, कुठल्या भोकातून गेलाय हे त्या चिमुकल्या माहितीपत्रकापेक्षा फोटोत नीट कळतं. दोरा बदलताना सेल काढून ठेवा. बऱ्याच मशीनना ४ पेन्सिल सेल लागतात. सुईला आडोसा नसतो आणि बटण अंगठ्याखाली असतं, तेव्हा घरात लहान मूल असेल तर मशीन सेलसकट इकडेतिकडे पडू देऊ नका.

पहिली टीप चांगल्या कपड्यावर मारू नका. जुन्या चादरीची पट्टी दुहेरी करून घ्या. खालची साखळी सैल, लोंबती दिसली तर दोऱ्याचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू थोडा आवळा. कापड चुरगळून गोळा होत असेल तर सैल करा. कापडाची सुलट बाजू वर ठेवा, कारण वर सरळ टाके दिसतात आणि साखळी खाली राहते. डाव्या हाताने कापडाला फक्त दिशा द्या. ओढलंत की सुई वाकते, आणि वाकलेली सुई पुढच्या टाक्याला मशीनच्या खालच्या पट्टीवर आपटून तुटते. बदली सुई त्याच मशीनची घ्या. बाजारातली साधी मशीनची सुई प्रत्येकीत बसेलच असं नाही.

आता शेवट, जिथे सगळे फसतात. टीप संपली की मशीन तशीच उचलायची नाही. बाजूचं चाक हाताने फिरवून सुई पूर्ण वर आणा. सुई आणि ताणाची चकती यांच्यामधला दोरा बोटभर बाहेर ओढून कापा. मग कापड दाबून धरणारी दाबपट्टी उचलून कापड हळूच डावीकडे काढा. कापलेलं टोक खालच्या बाजूला येतं. ते हातसुईने शेवटच्या फासातून ओवून घट्ट ओढा आणि दोन गाठी मारा. गाठ न मारलेली पट्टी घेऊन तेच टोक एकदा ओढून बघा, म्हणजे मी एवढं का सांगतेय ते कळेल.

जॉर्जेट, शिफॉन यात घालू नका, कापड आत खेचलं जातं. जीन्सची दुमड तर नाहीच. चार-पाच थर आले की मोटर नुसती गुरगुरते.

ज्या कामांसाठी लोक ही मशीन मागवतात, त्यातली निम्मी हाताने लवकर होतात. बाहीजवळ वीतभर शिवण उसवली असेल तर हातभर दोरा घ्या, उसवलेल्या जागेच्या बोटभर आधी सुरुवात करा आणि उलटी टीप घाला: एक टाका पुढे, सुई मागे आणून आधीच्या टाक्याच्या टोकाशी खुपसायची, खालून दुप्पट अंतर पुढे काढायची. टाका तांदळाच्या दाण्याहून मोठा नको. उसवलेल्या जागेच्या पलीकडेही बोटभर जा. धावदोरा घालून सोडलात तर पहिल्याच धुण्यात दोरा सैल पडेल.

मशीनच हवी असेल तर थोडे जास्त पैसे घालून टेबलावर ठेवायची, बॉबिन असलेली छोटी मशीन बघा. विकत घेण्याआधी चित्रात रीळ एकच आहे की खाली बॉबिनची झडपही आहे, हे नीट बघून घ्या, कारण दोन्हींना "मिनी मशीन" म्हणूनच विकतात. आणि परत करायची मुदत संपायच्या आत पॉपलीनच्या दुहेरी पट्टीवर वीतभर टीप मारून बघा. मध्येमध्ये टाके सुटत असतील तर ताण जुळवत बसू नका, सरळ परत पाठवा.