‘रन’चं मराठी करताना या चुका टाळा

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात नुसत्या ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेत. संपादक पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने या एका नोंदीत गेले. १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, आता तो मान ‘रन’कडे आला आहे.

एवढे अर्थ पाठ करण्यात काही हशील नाही. ‘धावणे’ तेवढं डोक्यातून बाजूला ठेवा, कारण निम्मी गडबड तिथेच होते. इंग्रजीत जे रन होतं, ते मराठीत बहुतेक वेळा चालतं: दुकान, मशीन, नाटकाचे प्रयोग. ‘शी रन्स अ स्कूल’ म्हणजे बाई शाळा चालवतात. नाक आणि नळ मात्र वाहतात. कपड्याच्या लेबलवर ‘कलर्स मे रन’ दिसलं, तर रंग जाणार. तो कपडा वेगळा भिजवा.

खरी मेख पुढच्या शब्दात असते. क्रिकेटमुळे ‘रन आउट’ म्हटलं की आपल्याला धावबादच आठवतं. ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे दूध संपलंय. यातला ‘ऑफ’ सर्रास गाळला जातो, तो गाळू नका. वाक्य दुधापासून सुरू केलंत तर मात्र तो नको: ‘द मिल्क हॅज रन आउट’. आणि ‘हॅज रॅन’ कधीच नाही. ‘रन इनटू’पुढे ओळखीचा माणूस आला तर अचानक गाठ पडली, खांब आला तर गाडी धडकली, लाख आले तर बिल तेवढ्यावर गेलं. मीटिंग ‘रॅन ओव्हर’ झाली तर ती लांबली. पण ‘आय रॅन ओव्हर द मॅनेजर’ म्हणालात तर साहेब थेट चाकाखाली! मेलमध्ये ‘रन धिस बाय हर’ असेल, तर तिला दाखवून तिचं मत घ्यायचंय. नुसतं फॉरवर्ड करून मोकळं होऊ नका.

बातम्यांमधला ‘बँक रन’ म्हणजे ठेवी काढायला उडालेली झुंबड. ९ मार्च २०२३ रोजी सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले, तो हाच प्रकार. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश मात्र ‘स्टँड’, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो.

उलट्या दिशेची चूकही आपली खास. ‘पंधरावं चालू आहे’ या अर्थी आपण ‘फिफ्टीन रनिंग’ म्हणतो. परदेशी माणसाला यातून काहीच कळत नाही. सरळ ‘फोर्टीन’ म्हणा. ‘थ्री इयर्स रनिंग’ ऐकलंत तर ते तिसरं वर्ष नव्हे, सलग तीन वर्षं.

सुताराचा ‘रनिंग फूट’ मात्र बरोबर आहे. ओट्याखालच्या कामाचा दर तसा सांगितला असेल, तर फक्त लांबी मोजतात. तो स्क्वेअर फूट समजून गुणाकार केलात तर हिशेब भलताच येईल. खालचे ड्रॉवर त्याच दरात धरलेत का, तेही आधीच विचारून घ्या.