मेंटर आहेत, तरी अडचण का सुटत नाही? परदेशी शिकणाऱ्या मुलींनी या चुका टाळा

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांमधून मुली लंडन, म्युनिक, टोरांटोला शिकायला निघतात, तेव्हा बहुतेकींच्या पाठीशी कोणीतरी जाणतं माणूस असतं. सयाजीराव विद्यापीठातल्या बाई, आधी गेलेली एखादी ताई किंवा तिकडच्या विद्यापीठाने नेमून दिलेली मेंटर. तरीही घोळ होतात, आणि त्यातले बरेचसे मुलगी वेळेवर बोलली नाही म्हणून होतात.

‘बाईंना कशाला त्रास द्यायचा?’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पेपर अवघड गेला, घरमालकाने डिपॉझिट अडकवलं, रात्र रात्र झोप नाही, आणि मेंटरला मेसेज जातो, ‘सगळं छान चाललंय.’ आपल्याकडे मोठ्यांपुढे रडगाणं गाऊ नये असं शिकवलेलं असतं, त्यामुळे हे समजण्यासारखं आहे. पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रडत फोन येतो, तोवर विषय सोडायची किंवा मुदतवाढ मागायची तारीख उलटून गेलेली असते. मग बाईंनी कितीही जीव तोडला तरी हातात काही उरत नाही.

उपाय साधा आहे. पंधरा दिवसांतून एक ठरलेला फोन, अडचण असो वा नसो. आणि मेसेजमध्ये नुसतं ‘मॅडम, बोलायचं होतं’ नको. असं लिहा: ‘स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या परीक्षेत नापास झाले. ट्यूटरना भेटून आले. विषय सोडायची शेवटची तारीख २० आहे. सोडू की चालू ठेवू? गुरुवारपर्यंत बोलता येईल का?’ अशा मेसेजला कामात बुडालेलं माणूसही उत्तर देतं.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १८८० पासूनच होता, म्हणून तिथे पोहोचल्यावर हक्काचं घर मिळालं. तुम्हीही ओळख निघण्याआधीच वाढवा, अडचण येण्याची वाट पाहू नका.

व्हिसाचे प्रश्न ताईला विचारणं

ताई प्रेमाने सांगते, पण तिच्या वेळचं सांगते. कॅनडाचंच बघा. नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात पात्र विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसबाहेरच्या कामाची तासांची मर्यादा तात्पुरती उठवली होती. नोव्हेंबर २०२४ पासून, वर्ग चालू असताना, आठवड्याला २४ तासांची मर्यादा आहे. मर्यादा उठवलेल्या काळात शिकलेली ताई ‘बिनधास्त कर गं’ म्हणाली, तर गोत्यात तुम्ही येणार. अमेरिकेत एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल, तर विषय कमी करण्याआधी डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या विद्यापीठातल्या अधिकाऱ्याची, परवानगी लागते, मग कारण आजारपणाचं का असेना. असे प्रश्न इंटरनॅशनल ऑफिसला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

कन्सल्टन्सीवाल्याला मेंटर समजणं

अनेक एजंटांना विद्यापीठांकडून कमिशन मिळतं. अर्ज भरायला त्यांची मदत जरूर घ्या, पण कोर्स निवडताना ज्याचा त्यात फायदा नाही अशा माणसाला विचारा.

शिफारसपत्र आणि घड्याळ

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही इकडची रीत तिकडे चालत नाही. शिफारसपत्र भरायची ऑनलाइन लिंक थेट शिक्षकांना जाते, आणि कित्येक ठिकाणी जीमेल नको, संस्थेचा ईमेल मागतात. किमान महिनाभर आधी सांगा, सोबत सीव्ही आणि शेवटची तारीख द्या.

ठरलेला फोन हुकतो त्यामागे पुष्कळदा घड्याळ असतं. लंडन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. अमेरिकेची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. वेळ ठरवताना भारतीय आणि तिथली, दोन्ही लिहा.

उपकाराच्या ओझ्याखाली गप्प बसणं

एखादा मेंटर अवेळी फोन करतो, वैयक्तिक चौकशा करतो, एकटीला घरी बोलावतो आणि ‘तुझं शिफारसपत्र माझ्याकडे आहे’ असं सुचवतो. हे मार्गदर्शन नव्हे. आपल्याकडे गुरूबद्दलचा आदर इतका खोल रुजलेला असतो की मुली स्वतःलाच दोष देतात. तसं करू नका. मेसेज पुसू नका, तारखांसह नोंद ठेवा आणि विद्यापीठाच्या तक्रार विभागाकडे किंवा विद्यार्थी सहाय्य केंद्राकडे जा. मेंटर बदलून मागता येतो, त्यासाठी कोर्स सोडायची गरज नाही. आणि आईला पहिल्याच दिवशी सांगा. आईंनो, तिने सांगितलं तर ‘परत ये’ म्हणण्याआधी तिचं पूर्ण ऐकून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी ती तुम्हालाही सांगणार नाही.