कृष्णधवल अवकाशचित्रांवर अभिप्राय देताना आणि घेताना

टॅबलेटवर किंवा संगणकावर काढलेले कृष्णधवल अवकाशचित्र कोणी मत विचारण्यासाठी पुढे ठेवले, की बहुधा दोनच प्रकारची उत्तरे येतात: ‘अप्रतिम’ किंवा ‘कॉन्ट्रास्ट अजून हवा होता’. पहिल्याने चित्रकार सुखावतो, दुसऱ्याने गोंधळतो आणि चित्र जिथल्या तिथेच राहते. रंगीत चित्रात एखादी चूक तेजोमेघाच्या लाल-निळ्या झळाळीत लपून जाऊ शकते. कृष्णधवल चित्रात मात्र प्रकाश कुठून येतो, कशावर पडतो आणि परत किती येतो, यावरच सारे उभे असते. म्हणून या चित्रांवरचा अभिप्रायही प्रकाशाविषयी, नेमकी जागा दाखवून आणि कारण सांगून द्यावा लागतो.

आधी चित्र नीट पाहावे

चित्रकाराने जे काढले तेच आपल्या पडद्यावर दिसत आहे का, याची खात्री करून घेतल्याशिवाय गडद भागांविषयी काहीही बोलू नये. आठ-बिट चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा असतात आणि अवकाशचित्राचा बराचसा भाग त्यांतल्या सर्वांत गडद अशा मोजक्या छटांमध्येच सामावलेला असतो. ओलेड पडद्याच्या मोबाइलवर पूर्ण काळे पिक्सेल विझलेलेच असतात, तर साध्या एलसीडी मॉनिटरवर मागचा दिवा झिरपत राहतो आणि तेच आकाश राखाडी दिसते. त्यामुळे खोलीतले दिवे मंद करून, पडद्याचा उजेड मध्यम ठेवून आणि शक्य असल्यास दोन वेगळ्या पडद्यांवर चित्र पाहावे.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राची फाइल वाटेत लहान केली जाते आणि ग्रहाभोवतीच्या मंद उजेडात पट्टे उमटतात. असे पट्टे दिसले तर लगेच दोष न देता मूळ पीएनजी फाइल (दर्जा न घटवता साठवलेली) मागवावी. पट्टे तिच्यातही असतील, तर सोळा-बिटमध्ये, म्हणजे कितीतरी जास्त छटांत, काम करून शेवटी अगदी किंचित नॉइज (बारीक कणकण) मिसळावा, हा सल्ला उपयोगी पडतो. ‘सावली फार काळी आहे’ असे म्हणण्याआधी आयड्रॉपरने (छटेचा ० ते २५५ मधला आकडा दाखवणाऱ्या साधनाने) तिथली छटा मोजावी, कारण ‘सावलीतला आकडा ३ आहे आणि आकाशाचाही ३ आहे, म्हणून डोंगराची कड हरवते’ या वाक्यावर वाद होत नाही, दुरुस्ती होते. शेवटी चित्र काडेपेटीएवढे लहान करूनही पाहावे. तेवढ्या आकारात मुख्य आकृती ओळखू आली नाही, तर दोष रचनेत आहे, बारकाव्यांत नाही.

चित्र कसले आहे, हे विचारावे

चंद्राच्या एखाद्या खऱ्या ठिकाणाचे चित्र, भौतिकशास्त्राच्या नियमांत बसणाऱ्या कल्पित ग्रहाचे चित्र आणि निव्वळ भावनेसाठी काढलेले अवकाश या तिन्हींना एकच माप लावता येत नाही. पहिल्या प्रकारात तपशील चुकला तर तो सांगायलाच हवा. दुसऱ्यात ग्रह कल्पित असला तरी एकाच ताऱ्याच्या उजेडात सगळ्या सावल्या एकमेकींशी जुळतात का, हे पाहावे. तिसऱ्यात मात्र ‘अवकाशात असे दिसत नाही’ हा शेरा गैरलागू ठरतो. चित्रांवरच्या चर्चेतले बरेचसे वाद हा एक प्रश्न न विचारल्यामुळे होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

वस्तुस्थिती आणि चित्राचे बळ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचे महत्त्व समजून घ्यायचे असेल, तर चेस्ली बोनस्टेल या अमेरिकी चित्रकाराचे काम पाहावे. शनीच्या उपग्रहांवरून शनी कसा दिसेल, याची त्याची चित्रे १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेक वर्षे लोकांच्या मनातले अवकाश त्यानेच घडवले. त्याने चंद्रावरचे डोंगर उंच, धारदार सुळक्यांचे रंगवले. प्रत्यक्षात ते गोलसर आणि सौम्य उतारांचे आहेत, हे अपोलो मोहिमांच्या छायाचित्रांत जगाने पाहिले. पण ल्यूसियाँ रुदो या फ्रेंच चित्रकाराने ते डोंगर कितीतरी आधी गोलसरच काढले होते, कारण तो स्वतः आकाशनिरीक्षक होता आणि चंद्रबिंबाच्या कडेवर डोंगरांची बाह्यरेषा दुर्बिणीतून दिसते, हे त्याला ठाऊक होते. बोनस्टेलच्या सुळक्यांवर उत्तम अभिप्राय द्यायचा झाला असता, तर तो ‘हे खोटे वाटते’ असा नसता. ‘चंद्राची कड दुर्बिणीतून पाहा, तिथे एवढे तीव्र उतार दिसत नाहीत’ असा असता. आणि ते सांगूनही त्याच्या चित्रांतली खोली आणि भव्यता जराही कमी होत नाही, हे त्याच अभिप्रायात स्वतंत्रपणे नोंदवावे लागले असते.

प्रकाशाची तपासणी

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, कोणी चांद्रयान-३ चे विक्रम लँडर चंद्रावर उभे असल्याचे कृष्णधवल चित्र काढले आहे. विषय या माध्यमाला साजेसाच आहे, कारण प्रज्ञान रोव्हरने ३० ऑगस्ट २०२३ रोजी टिपलेले विक्रमचे छायाचित्रही कृष्णधवलच होते. चित्रात आकाशभर तारे आहेत, लँडरची सावली त्याच्या पायाशी आखूड पडली आहे, आणि वर डोक्यावर पौर्णिमेच्या चंद्रासारखी पूर्ण गोल पृथ्वी आहे.

पहिला मुद्दा सावलीचा. विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी साधारण ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. तिथे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे २१ अंशांपेक्षा फारसा वर येत नाही, म्हणून कोणत्याही वस्तूची सावली निदान तिच्या उंचीच्या अडीचपट लांब पडते. उतरण्याच्या वेळी तर तिथे सकाळ होती आणि सावल्या आणखी लांब होत्या. दुसरा मुद्दा पृथ्वीचा. दुसऱ्याच दिवशी शुक्ल अष्टमी, म्हणजे अर्धा उजळलेला चंद्र होता, आणि चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीची कला आपल्याला दिसणाऱ्या चंद्रकलेच्या नेमकी उलट असते. म्हणून त्या आकाशात पृथ्वी साधारण अर्धी दिसायला हवी, तिची उजळ बाजू सूर्याकडे हवी, आणि एवढ्या दक्षिणेकडून ती डोक्यावर नव्हे तर क्षितिजापासून थोडीच वर दिसायला हवी. तिची रुंदी आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या सुमारे चौपट, म्हणजे जवळजवळ दोन अंश भरते.

तिसरा मुद्दा छटांचा आहे, आणि कृष्णधवल चित्रात तोच सर्वांत मोलाचा. चंद्राची जमीन तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सरासरी १२ टक्केच परत फेकते, तर पृथ्वी सुमारे ३० टक्के. दोघींवर एकच सूर्य तळपत असताना पृथ्वी जमिनीपेक्षा गडद रंगवली, तर डोळ्याला ते कुठेतरी खटकते, पण कारण सापडत नाही. अभिप्राय देणाऱ्याने ते कारण हातात द्यावे. ताऱ्यांबद्दलही तसेच. उन्हातल्या जमिनीसाठी जुळवलेल्या एक्स्पोजरमध्ये (कॅमेऱ्यात शिरू दिलेल्या प्रकाशात) तारे उमटत नाहीत, म्हणूनच अपोलोच्या चंद्रभूमीवरील छायाचित्रांत आकाश रिकामे आहे. चित्रकाराला तारे हवेच असतील, तर ते ठेवावेत. फक्त तो निर्णय जाणीवपूर्वक घेतलेला असावा. सावल्या मात्र अगदी शून्य काळ्या असण्याची गरज नाही. चंद्रावर हवा नसली, तरी भोवतालच्या उजळ जमिनीवरून परतलेला प्रकाश सावलीत थोडा शिरतोच.

परावर्तनाचा हा हिशेब इतर विषयांनाही लागू पडतो. १९८६ मध्ये युरोपच्या जोत्तो यानाने जवळून पाहिलेले हॅलेच्या धूमकेतूचे केंद्रक जेमतेम चार टक्के प्रकाश परत फेकते, तर शनीचा एन्सेलाडस हा बर्फाळ उपग्रह आपल्यावर पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश परतवतो. दोन्ही एकाच करड्या छटेत रंगवलेले दिसले, तर पोत कितीही बारकाईने काढलेला असला तरी एक बर्फ आणि दुसरे काळी माती, हे पाहणाऱ्याला कळणार नाही. शनीच्या चित्रात कड्यांची सावली ग्रहावर आणि ग्रहाची सावली कड्यांवर पडली आहे का, हे आधी पाहावे. या दोन सावल्यांवरून चित्रकाराने सूर्य कुठे धरला आहे, ते लगेच समजते.

ताऱ्यांच्या ब्रशविषयी थोडे अधिक कठोर असायला हरकत नाही. तयार ब्रशने फिरवलेले तारे सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतरावर पडतात. खऱ्या आकाशात ठळक तारे मोजके आणि अंधुक तारे असंख्य असतात. प्रतीच्या (ताऱ्याच्या तेजाच्या मापाच्या) मोजपट्टीत पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक, हे लक्षात ठेवले तर ताऱ्यांच्या छटा ठरवणे सोपे जाते. प्रत्येक ताऱ्याला चार टोकांची चमक देणे हीदेखील जडलेली सवय आहे. ती टोके ताऱ्याची नसून दुर्बिणीची असतात: हबल अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांत ती चार दिसतात, वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत सहा मोठी आणि दोन लहान. आणि चंद्रकोरीच्या न उजळलेल्या भागात तारा दिसत असेल, तर तो न संकोचता दाखवून द्यावा, कारण तो तारा चंद्राच्या अलीकडे असल्याखेरीज तिथे दिसणार नाही.

विवरे काढणाऱ्यांना मी लोणार पाहून येण्याचा आग्रह करीन. बेसॉल्टच्या खडकात आघाताने तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असे विवर आपल्याकडे आहे, आणि त्याच्या काठावर उभे राहिले की कडा किती उंच आणि तळ किती सपाट दिसतो, याचा अंदाज डोळ्यांना येतो. पाणी, झाडी आणि झीज यांमुळे ते चंद्रावरच्या ताज्या विवरासारखे राहिलेले नाही, हेही तिथे कळते. मोठी विवरे मात्र वेगळ्याच घडणीची असतात. चंद्रावरचे टायको विवर ८५ किलोमीटर रुंद आहे आणि त्याची खोली पाच किलोमीटरही नाही. त्याला खोल खळग्यासारखे काढले, तर पाहणाऱ्याला ते लहान विवरच वाटते आणि चित्राचे प्रमाण कोसळते. चित्रात सह्याद्रीच्या कड्यावर मावळतीची चंद्रकोर असेल, तर युरोपातल्या चित्रांवरून ती उभी काढलेली आहे का, हेही तपासावे. आपल्या अक्षांशावर ती बरीच आडवी, खालची बाजू उजळलेली अशी दिसते.

शब्द कसे असावेत

अभिप्रायात आधी आपल्याला काय दिसले ते सांगावे, मग कुठे, मग का, आणि उपाय सर्वांत शेवटी, तोही सूचना म्हणून. वरच्या चित्रावरचा अभिप्राय असा लिहिता येईल: ‘लँडरच्या पायांचा आणि धुळीचा पोत फार मन लावून काढला आहे, नजर आधी तिथेच जाते. मात्र नंतर ती पृथ्वीवर न जाता उजवीकडच्या ठळक ताऱ्यांवर घसरते, कारण चित्रातली सर्वांत पांढरी छटा तिथे आहे. हे उतरण्याच्या दिवसाचे दृश्य असेल, तर पृथ्वी अर्धी आणि क्षितिजाजवळ हवी, आणि सावली खूप लांब हवी. तारे एका वेगळ्या लेअरवर (चित्राच्या वेगळ्या थरावर) घेऊन मंद करून पाहाल का?’ यात कौतुकही नेमके आहे. नुसते ‘सुंदर’ म्हटले असते, तर पुढच्या चित्रात काय टिकवायचे हे चित्रकाराला कळले नसते.

एका वेळी दोन-तीन मुद्द्यांपेक्षा जास्त सांगू नयेत, आणि त्यांतला सर्वांत मोठा आधी सांगावा. रचना ढासळलेली असताना नॉइजविषयी बोलण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या चित्रावर स्वतः रंगवून दाखवायचे असेल तर परवानगी घ्यावी, वेगळ्या लेअरवर काम करावे आणि ती फाइल फक्त चित्रकारालाच परत द्यावी. नवशिक्याच्या चित्रावर बोलताना तर, सुधारणा त्याच्या हातून होणे आपल्या हातून होण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

अभिप्राय मागताना आणि स्वीकारताना

‘कसे वाटले?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी चित्र कोणत्या प्रकारचे आहे, कच्चे आहे की पूर्ण झाले आहे, प्रकाश कोणत्या बाजूने धरला आहे आणि नेमकी शंका कोणती, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. पूर्ण चित्रासोबत शंकेच्या जागेचा मोठा केलेला तुकडा द्यावा. छायाचित्रातून घेतलेला पोत, त्रिमितीय मॉडेल किंवा एआयची मदत वापरली असेल, तर ती आधीच सांगावी. नाहीतर लोक तुमच्या हाताने न काढलेल्या भागावर मत देत राहतात, आणि नंतर ते उघड झाले की त्यांचा विश्वास उडतो.

अभिप्राय आल्यावर लगेच खुलासा करू नये. चित्र खुलाशाशिवायच लोकांसमोर जाणार असते, म्हणून समोरच्याला काय दिसले हे आधी पूर्ण ऐकून घ्यावे आणि फक्त न कळलेले विचारावे. दोन वेगळ्या व्यक्तींनी एकमेकांचे न ऐकता एकाच जागेवर बोट ठेवले, तर तिथे काहीतरी चुकले आहे हे मान्य करावे. त्यांनी सुचवलेले उपाय मात्र परस्परविरोधी असू शकतात आणि दोन्हीही चुकीचे असू शकतात, म्हणून उपाय स्वतः शोधावा. ‘अजून उजळ करा’ या सूचनेचा खरा अर्थ कित्येकदा ‘भोवतालचा भाग मंद करा’ असा निघतो. मूळ लेअरला हात न लावता कर्व्ह्जचा (छटा उजळ-मंद करणारा) ॲडजस्टमेंट लेअर वर घालून दोन्ही शक्यता तपासाव्यात. चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटवून पाहण्याची चित्रकारांची जुनी युक्ती रचनेसाठी उत्तमच आहे, पण मृग नक्षत्र किंवा चंद्राचा खरा पृष्ठभाग असलेले चित्र उलट्या अवस्थेतच सेव्ह होणार नाही, याची काळजी घ्यावी.

सूचना नाकारण्याचा हक्क चित्रकाराला आहे, आणि तो कारण सांगून वापरावा: ‘तारे ठेवतो आहे, कारण लँडरचा एकटेपणा त्यांच्यामुळेच जाणवतो’ एवढे पुरे असते. स्वीकारलेल्या सूचनेचे उत्तर मात्र आभारांच्या ओळीने देऊ नये. आधीचे आणि सुधारलेले चित्र शेजारी ठेवून त्याच व्यक्तीला विचारावे की आता नजर आधी कुठे जाते. चित्र छापायचे असेल, तर हा प्रश्न विचारण्याआधी एक लहान नमुनाप्रत त्याच कागदावर काढून घ्यावी, कारण पडद्यावर वेगळ्या दिसणाऱ्या सर्वांत गडद छटा कागदावर एकमेकींत मिसळून जातात, आणि पडद्यावर मिळालेली संमती तिथे लागू पडत नाही.