पंचगंगेतून नावेची सहल: आखणी आणि सामानाची बांधाबांध

कोल्हापूरच्या परिसरात नदीतून सहल काढायची असेल, तर सर्वांत आधी बंधाऱ्यांची माहिती घ्यावी. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या) बसवले जातात आणि पुढचे काही महिने पंचगंगा ही एकसलग वाहणारी नदी न राहता एकामागून एक तुंबलेल्या डोहांची रांग बनते. त्यामुळे नाव सोडून दिली की ती आपोआप पुढे जाईल, हा समज मनातून काढून टाकावा. येथे वल्हवावेच लागते, आणि नवख्या माणसांनी ताशी दोन-तीन किलोमीटरपेक्षा अधिक वेग गृहीत धरू नये. ज्यांना खळाळत्या पाण्याचीच हौस आहे, त्यांनी कोलाडची कुंडलिका किंवा दांडेलीची काळी नदी गाठावी आणि तेथील व्यावसायिकांबरोबरच पाण्यात उतरावे.

पहिल्या सहलीसाठी प्रयाग चिखलीचा संगम ते पंचगंगा घाट हा टप्पा मला सर्वांत योग्य वाटतो. भोगावती, कासारी, कुंभी आणि तुळशी यांचे पाणी येथे एकत्र आलेले असते (पाचवी सरस्वती गुप्त मानतात), आणि शिवाजी पुलाजवळचा घाट राजाराम बंधाऱ्याच्या अलीकडेच येत असल्यामुळे तो बंधारा ओलांडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच्या खाली सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ अशी बंधाऱ्यांची मालिका आहे. इचलकरंजीच्या पुढे प्रदूषणाचा त्रास आहे आणि नृसिंहवाडीला पंचगंगा ज्या कृष्णेला मिळते, तिच्यात मगरींचा वावर आहे. त्यामुळे खालचा टप्पा मी कोणाला सुचवणार नाही.

बंधारा कितीही निरुपद्रवी दिसला तरी त्याच्याजवळ नाव नेऊ नये. दगडी खांबांमधील खाचांत बरग्यांच्या दोन ओळी बसवून मध्ये माती भरलेली असते. त्यांपैकी काही बरगे काढलेले असले, तर वरून संथ दिसणारे पाणी त्या फटीकडे जोराने ओढले जाते. पाणी माथ्यावरून सांडत असेल, तर पायथ्याशी उलटा भोवरा तयार होतो आणि त्यात सापडलेला माणूस लाइफ जॅकेट घालूनही सहज सुटत नाही. म्हणून बंधारा असलेला टप्पा निवडलाच, तर शंभर-दीडशे पावले अलीकडे काठाला लागावे आणि नाव उचलून पलीकडे न्यावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उन्हाळ्यात जलपर्णी दाटते आणि वल्हे त्यात अडकून माणूस मेटाकुटीला येतो. पावसाळ्यात तर हा विचारच करू नये, कारण राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी भरले की आपोआप उघडतात. राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. हिवाळ्यातसुद्धा निघण्याच्या आदल्या दिवशी धरणातून पाणी सोडणार आहेत का, याची पाटबंधारे विभागाकडे चौकशी करावी आणि काठावरच्या गावात पोलीस पाटलांना कल्पना द्यावी.

नकाशावर अंतर मोजताना रस्त्याचे अंतर धरू नये. नदीच्या वळणांवरून दोरा फिरवून ते मोजावे. याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेर पडण्याच्या जागा आधी प्रत्यक्ष पाहून ठेवाव्यात. काठावर काळ्या मातीच्या उंच दरडी आहेत, खाली गुडघाभर गाळ आहे आणि वर थेट कडेपर्यंत ऊस उभा असतो, त्यामुळे वाटेल तेथे चढून जाता येत नाही. पाणवठा, जॅकवेलच्या (पाणी उपसण्यासाठी काठाला बांधलेल्या विहिरीच्या) पायऱ्या किंवा पाण्यापर्यंत आलेली पाणंद, एवढ्याच खऱ्या वाटा असतात. त्या मोबाइलच्या नकाशावर खुणा करून ठेवाव्यात. उपसा पंपांचे पाइप आणि मासेमारीची जाळी यांपासून लांब राहायचे, हेही सर्वांना आधीच सांगावे. एक गाडी सकाळीच घाटावर लावून ठेवली, तर शेवटी ओल्या कपड्यांनी रिक्षा शोधत फिरावे लागत नाही.

सामान बांधताना नाव उलटणारच आहे असे समजावे. लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवेच, पोहायला येत असले तरीही. ते घालून पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने खांद्याशी धरून वर ओढावे आणि ते हनुवटीपर्यंत सरकले, तर लहान मापाचे घ्यावे. मदतीची दोरी पंधरा मीटरची, पॉलिप्रॉपिलीनची असावी. ती पाण्यावर तरंगते, नायलॉनची बुडते. मोबाइल, गाडीची किल्ली, औषधे आणि कोरडे कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंडाला तीन घड्या घालून बांधावेत आणि ती पिशवी नावेला पक्की अडकवावी. दोरी मात्र मोकळी, हाताशी ठेवावी. जीन्स नको, कारण ती भिजली की जड होते आणि वाळत नाही. पायांत पट्ट्यांचे सँडल असावेत. कोल्हापुरी चप्पल घरीच राहू द्यावी, चामड्याचे पाण्याशी जमत नाही.

पिण्याचे पाणी माणशी तीन लिटर घरूनच न्यावे आणि नदीचे पाणी तोंडातही घेऊ नये. जेवणाला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ पुरेसे आहे. रस्सा नावेत सांडतो आणि मग दिवसभर सारे सामान त्याच वासाचे होते.

सकाळी धुके विरल्यावर निघावे आणि दुपारचा वारा सुटण्याआधी घाटाला लागावे. घरी एका माणसाला पोहोचण्याची वेळ सांगून, त्यानंतर तासाभरात फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, हे लिहून द्यावे. परतल्यावर अंग साबणाने धुवावे, कुठे खरचटले असेल तेथे औषध लावावे आणि नावेला चिकटलेली जलपर्णी काढून नाव उन्हात वाळवावी, नाहीतर ते तुकडे पुढच्या वेळी दुसऱ्या पाण्यात जाऊन रुजतात.